आधी तुझा वाच

एप्रिल उजाडला की सकाळी चहाच्या वेळेला आक्काचा फोन येतो. आक्का ही माझी थोरली बहीण. तिचं सासर मिरजगावच्या अलीकडच्या एका वाडीत, आणि मी पारनेरजवळच्या आमच्या गावात. मधे अख्खं नगर शहर. या दिवसांत ती फोनवर तब्येत विचारत नाही, पोराबाळांचं विचारत नाही. "आला का?" एवढंच विचारते. आला म्हटलं की म्हणते, "आधी तुझा वाच."

मग मी मोबाईलवर आलेला हवामानाचा मेसेज मोठ्याने वाचतो. तो संपला की ती तिच्याकडे आलेला वाचते, सावकाश, एकेक अक्षर लावत. दोन्ही मेसेज वेगळे निघाले की "बरं" म्हणते आणि फोन ठेवते. सारखे निघाले तर काही बोलत नाही. तिच्या अंगणातल्या कोंबड्यांचा आवाज तेवढा येत राहतो.

त्या वेळी आमच्या घरात माझी पुतणी सुजाता जवळपास असेल तर ती चहाचा कप उचलून आत जाते.

हे दिवस डोंगळ्यांचे. बियाण्यासाठी पुन्हा जमिनीत लावलेल्या कांद्याला आमच्याकडे डोंगळे म्हणतात. हिरव्या पोकळ दांड्यावर चेंडूएवढा पांढरा फुलांचा गोंडा येतो. फाल्गुनात शेताच्या कडेला उभं राहिलं की मधमाश्यांचा एकच अखंड आवाज ऐकू येतो, आणि वास असा की तो कांद्याचा आहे हे सांगावं लागतं. चैत्रात फुलं वाळतात, बोंडं तडकू लागतात, आत काळंभोर बी दिसतं. तेव्हा दोनतीन दिवसांचं कोरडं ऊन हवं असतं. गोंडे खुडायचे, ताडपत्रीवर पसरायचे, खडखडीत वाळले की बडवून उपणायचे. या दोनतीन दिवसांत पाऊस झाला तर वर्ष गेलं. कांद्याचं बी वर्षभरापलीकडे टिकत नाही. डब्यात जुनं ठेवून भागत नाही. ते दरवर्षी नव्यानेच करावं लागतं.

आक्काकडचा कांदा तिच्या सासूने धरला होता, दरवर्षी बी राखून. तांबूस, बारीक मानेचा, दिसायला ओबडधोबड, पण पुढच्या पाडव्यापर्यंत चाळीत, म्हणजे कांद्याच्या हवेशीर कोठारात, टिकणारा. सासू गेली, मग दाजी गेले, वाडीतल्या बाकीच्यांनी पाकिटातलं बी आणायला सुरुवात केली. आक्काने आपला विहिरीजवळचा तुकडा सोडला नाही. अर्ध्यात डोंगळे, अर्ध्यात कांद्याचे वाफे. वाफ्यातला निवडक कांदा पावसाळाभर चाळीत ठेवायचा, दिवाळीनंतर त्याचेच डोंगळे लावायचे. हे चक्र कधी तुटलं नव्हतं.

त्या घरात सासूच्या वेळेपासून एक रीत आहे. जयंतीच्या, म्हणजे चौदा एप्रिलच्या, आधी गोंडे खुडून पसरलेले असले पाहिजेत. जयंतीच्या दिवशी कुणी शेतात जायचं नाही. त्या दिवशी नवी साडी, समाजमंदिरापुढे पताका, सगळ्या वाडीचं एकत्र जेवण आणि संध्याकाळी मिरवणूक. त्यामुळे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आक्काच्या हातांना उसंत नसते, आणि तिचं अर्धं लक्ष वर आभाळात असतं.

निदान तीन वर्षांपूर्वीपर्यंत असायचं.

त्या आधीच्या दिवाळीला सुजाताने तिच्या मोबाईलमध्ये आमच्याकडची हवामानाच्या मेसेजची सेवा सुरू करून दिली. सुजाता माझ्या धाकट्या भावाची मुलगी. पुण्याच्या एका कंपनीत प्रोग्रॅम लिहिते, बरेच दिवस घरूनच काम करते. आमच्या भागातल्या कांदा उत्पादकांच्या गटाने एका हवामान संस्थेकडून गावनिहाय अंदाज घ्यायला सुरुवात केली होती. तो अंदाज रोज सकाळी प्रत्येक शेतकऱ्याला मेसेजने जावा, एवढा प्रोग्रॅम सुजाताने हौसेने लिहून दिला. गट पारनेरचा असला तरी सभासदांचे नातेवाईक त्यात आले, आणि अशा रीतीने कर्जत तालुक्यातली एक वाडी यादीत शिरली.

"आत्या, आता आभाळाकडं बघत बसू नकोस. इकडं बघ," सुजाताने तिला मोबाईल दाखवला होता.

"मला कुठं कळतंय गं आभाळातलं. तुझे मामा हुते तवर त्येच बघायचे. मी नुसती मान वर करायची."

"मग आता मान खाली करायची."

"पेपरवाल्या, तुझ्या पेपरात बी यायचं की हवामान," आक्का माझ्याकडे वळून म्हणाली. "कदी खरं झालं का?"

मी जिल्ह्याच्या एका दैनिकात डेस्कवर नोकरी केली. हवामानाची चौकट रोज लावायचो. ती खरी झाली की नाही, हे बघण्याचं काम माझ्याकडे नव्हतं.

त्या हिवाळ्यात दुपारी ओसरीवर सुजाता काम करत बसायची आणि मी शेजारी वाचत. एकदा तिला विचारलं, एवढं बारीक काय करतेस. तिने सांगितलं ते मला समजलं, कारण आमच्या डेस्कवर त्याच्या जवळचं काहीतरी चालायचं.

यंत्रात अक्षरं दोन प्रकारे ठेवता येतात. एक म्हणजे स्ट्रिंग. एकदा लिहिलं ते लिहिलं, त्यात कुणाला हात घालता येत नाही. दुसरा प्रकार बाइटांचा. अक्षरं तीच, पण उघडी. त्यातलं कुठलंही कुणीही बदलू शकतं. स्ट्रिंगचे बाइट करायचे असतील तर यंत्र आधी पूर्ण नक्कल काढतं आणि पुढची सगळी खाडाखोड त्या नकलेवर होते. मूळ मजकूर शाबूत राहतो.

आमच्याकडे बातमीदाराची बातमी आली की तिची एक प्रत खोक्यात जायची आणि दुसरीवर लाल पेन चालायचं. मी तिला ते सांगितलं.

"तसंच," ती म्हणाली. "पण दर वेळी नक्कल काढण्यात वेळ जातो. म्हणून कंपायलर बघतो, कुठं गरज नाही ते."

कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेल्या प्रोग्रॅमचं यंत्राच्या हुकुमांत रूपांतर करणारा प्रोग्रॅम. ते करता करता तो फुकटची मेहनत छाटत जातो. हे बाइट पुढे फक्त वाचले जाणार आहेत, त्यावर कुणी काही लिहिणार नाही, हे त्याला स्वतःच्या नजरेने दिसलं तर तो नक्कल काढत नाही. मूळच पुढे देतो.

"आणि नक्की दिसलं नाही तर?"

"तर नक्कल काढतो. शंका आली की काढतोच. भित्रा आहे जरा." ती हसली. "मग आम्ही त्याला सांगतो, बाबा रे, मी बघितलंय, यात कुणी लिहिणार नाही, नको काढू. मग तो ऐकतो."

"ऐकतो म्हणजे? तपासत नाही?"

"आपण हमी दिल्यावर कशाला तपासेल?"

तिच्या कंपनीत हे कसब समजलं जाई. कंपायलरने भीतीपोटी काढलेल्या नकला शोधायच्या आणि हाताने उडवायच्या. तिथे सेकंदाला लाखो मेसेज जातात, तिथे त्याला अर्थ होता. आमच्या गटाच्या प्रोग्रॅममध्येही तिने तशी एक ओळ लिहिली. घाई कुणालाच नव्हती. हाताला वळण पडलं होतं.

तो हिवाळा चांगला गेला. ज्वारीची कणसं भरली, कडब्याच्या गंजी लागल्या, रस्त्याने उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर पहाटेपासून कुरकुरत गेले. मोबाईलवर रोज सकाळी एकच वाक्य येई : आज-उद्या आकाश निरभ्र, काढणीस हरकत नाही. पारनेरला तेच, मिरजगावला तेच. सगळीकडे खरोखरच कोरडं होतं. गटातले लोक म्हणत, मेसेज अगदी बरोबर येतो. आक्का तर येईल त्याला मोबाईल दाखवी. "आमच्या पोरीनं केलंय. माझ्या भाच्चीनं." तिच्या शब्दावर शेजारच्या बबनने आपलाही नंबर दिला.

एप्रिल आला. निंबाचा मोहोर गळून अंगणं पिवळट झाली. दुपारनंतर क्षितिजावर ढगांच्या कडा दिसू लागल्या. जयंतीच्या दोन दिवस आधी आक्काला मेसेज आला : आज-उद्या आकाश निरभ्र, काढणीस हरकत नाही.

तिने सकाळीच सगळे गोंडे खुडले. एरवी पिकतील तसे दोनतीन वेळा खुडतात. पण जयंती तोंडावर होती आणि आभाळाची हमी हातात होती. खळ्यात ताडपत्री अंथरून त्यावर गोंडे पसरले. वाफ्यातला कांदाही उपटला आणि त्याच्याच पातीखाली झाकून शेतात सुकायला ठेवला. मग ती बायकांबरोबर समाजमंदिर सारवायला आणि धान्य निवडायला गेली.

पाऊस दुपारी आला. आधी वावटळ, मग गारा, मग सरळ धारा. बायका पळत सुटल्या. आक्का खळ्यात पोचली तेव्हा ताडपत्रीत पाणी साचलं होतं आणि गोंडे त्यात तरंगत होते. बबनचा कांदा शेतात उघडा होता, त्याचं तळं झालं.

आमच्या गावात त्या दिवशी थेंबही पडला नाही. आम्हालाही तोच मेसेज आला होता. आमचा कांदा कडक उन्हात निघाला, पातीखाली नीट सुकला. वहिनीने, म्हणजे सुजाताच्या आईने, त्या दिवशी कैरीचं पन्हं केलं होतं. सगळे शेतातून आले, हातपाय धुतले, ओसरीवर बसून पन्हं प्यायलो. हे एवढ्या तपशिलाने लक्षात राहायचं काही कारण नव्हतं. पण राहिलं.

दरवर्षीप्रमाणे जयंतीला मी आक्काकडे गेलो. वाडीत ऊन पडलं होतं, पताका वाळल्या होत्या, समाजमंदिरापुढे मंडप पुन्हा उभा राहिला होता. खळ्यात गोंडे परत पसरलेले होते. मी एक उचलून बघितला. बोंडं काळपट झाली होती, दाबली की बोटाला चिकट ओल लागत होती, काही बियांना पांढरा कोंब फुटला होता. वास आंबट येत होता.

आक्का नवी निळी साडी नेसून पंगतीत वाढत होती. बबन ताट पुढे सरकवत म्हणाला, "काय आक्का, तुमच्या भाच्चीनं आमाला बरं न्हाऊ घातलं!"

आक्काने वरणाचा डाव तिथेच थांबवला. "तिला काय बोलायचं न्हाई. वरनं जे आलं त्ये तिनं पाठवलं. लबाड त्ये हवामानवाले. त्यांच्या घरात गारा पडाया पायजेत. आमच्या पोरीचं चुकत न्हाई."

जेवणं झाल्यावर तिने मला मोबाईल दाखवला. "हे बघ. बघ काय लिवलंय त्यांनी."

मी वाचलं. मग खिशातून माझा मोबाईल काढला आणि त्याच सकाळचा मेसेज शेजारी धरला. दोन्ही वाक्यं अक्षरशः एक होती. त्यात काही आश्चर्य नव्हतं, साचा एकच होता. मग मी मागचे दिवस बघत गेलो. पाऊस पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे ढगाळ असल्याचा मेसेज होता. ढगाळ होतंही. तिच्याकडेही तोच, आणि तिच्याकडे स्वच्छ ऊन होतं. दोन गावांच्या दोन बातम्या शब्दाला शब्द मिळत्या निघाल्या, की एक दुसरीवरून उचललेली असते. हे डेस्कवर पहिल्या वर्षातच शिकवतात.

आक्काला मी काही बोललो नाही. माझ्या हातात तेव्हा फक्त शंका होती. घरी येऊन सुजाताला दोन्ही मेसेजचे फोटो दाखवले. तिने लॅपटॉप उघडला. वहिनी स्वयंपाकघरातून विचारत होती, आक्काचं बी वाचलं का, कांदा किती भिजला. सुजाता पडद्यावर ओळीमागून ओळ सरकवत होती. फार वेळ लागला नाही तिला.

"काका, त्यांनी तिकडं पाऊस सांगितला होता. गारांसकट."

मग तिने मला दाखवलं. एका वाक्यात मोकळी जागा होती. पाठवणारा भाग त्या जागेत गावाचा अंदाज भरायचा. तो नकलेवर भरला जायला हवा होता. पण नक्कल नको, अशी हमी तिने दिली होती. त्यामुळे अंदाज मूळ वाक्यातच भरला गेला. रोज सकाळी प्रोग्रॅम नव्याने सुरू झाला की पहिल्या गावाचा अंदाज बसायचा आणि मोकळी जागा उरायचीच नाही. पुढच्या प्रत्येक गावाला तेच वाक्य जायचं. हिवाळाभर हेच चाललं होतं, पण सगळ्या गावांचा अंदाज सारखाच असल्याने कुणाला कळायला मार्ग नव्हता. गावागावांत फरक पडला त्या पहिल्याच दिवशी ते बाहेर आलं.

"आणि पहिलं गाव कुठलं?" मी विचारलं.

"आपलं. चाचणीसाठी मी आधी आपलंच टाकलं होतं."

तिने ती ओळ काढली. मेसेजच्या सुरुवातीला गावाचं नाव येईल असं केलं. गटातल्या लोकांना सांगितलं की काही दिवस मेसेजमध्ये गडबड होती, आता दुरुस्त झाली. पारनेरच्या बाजूला त्या दिवशी पाऊस नव्हताच, त्यामुळे त्यांनी माना डोलावल्या आणि विषय बदलला.

"त्या ओळीने वेळ किती वाचत होता?" मी विचारलं. ते विचारायला नको होतं.

"पापणी लवायला त्याहून जास्त लागतो."

आक्काला मात्र तिने सांगितलं नाही. उद्या सांगते म्हणाली. मग रविवारी सांगते म्हणाली. मग पावसाळा आला.

त्या पावसाळ्याची आठवण म्हणजे फोनमधला आक्काचा आवाज आणि एक वास, जो फोनमधून येणं शक्य नव्हतं. तिने भिजलेला कांदा वाळवून, निवडून चाळीत भरला होता. गोंडे गेले तरी कांदा आहे, त्याचे डोंगळे लावू, असा तिचा हिशोब होता. पण पाणी मानेत शिरलेला कांदा आतून जातो. वरून तांबूस, हातात घेतला की बोट आत. "आज परत टोपलीभर उकिरड्यावर टाकला," ती सांगायची. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मधे एकदा तिने डब्यातलं गेल्या वर्षीचं बी पेरून बघितलं. केसासारखी चार रोपं आली आणि मान टाकून पडली.

वहिनी फोन स्पीकरवर ठेवायची. सुजाता जेवत असेल तर घास हातात राहायचा.

त्या काळात तिने आक्काला किती वस्तू पाठवल्या! मिक्सर पाठवला. गुडघ्यांसाठी पट्टे पाठवले. पुण्याहून एक चादर आणली, ती स्वतः जाऊन दिली आणि चहा न घेता परत आली. आक्का वहिनीला फोनवर म्हणाली, "पोरगी लई लाड करती माझे. मी काय केलं तिचं आसं?"

"करू द्या की. कमावती आहे," वहिनी म्हणाली. वहिनीला तेव्हा काही माहीत नव्हतं.

सुजाताच्या कामातही फरक पडला. एकदा ती कुणाशी तरी कॉलवर बोलत होती. पलीकडचा माणूस विचारत होता, या ठिकाणी नक्कल कशाला काढलीस, गरज नाही. ती म्हणाली, राहू दे. त्याने पुन्हा विचारलं. ती पुन्हा म्हणाली, राहू दे. तिसऱ्यांदा त्याने विचारलं तेव्हा तिने कॅमेरा बंद केला.

भाद्रपदाच्या शेवटी आक्काची चाळ रिकामी झाली. दिवाळी झाली. शेजारच्या शिवारांत डोंगळे लावायला सुरुवात झाली आणि आक्काचा फोन आला. मला वाटलं रडेल. ती हसत होती.

"सुजे, बबनचा नंबर परत घाल गं तुझ्या त्याच्यात. पावसापासनं त्यानं बंद केल्ता. मी लई भांडले त्याच्याशी. म्हनलं, आरं, हवामानवाले चुकतील, आमच्या पोरीचं चुकायचं न्हाई. तवा कुठं हो म्हनला."

सुजाताने "घालते" म्हटलं. फोन ठेवला. थोड्या वेळाने आतून चपला घालून आली. "काका, येता का माझ्याबरोबर?"

आक्काच्या वाडीत पोचलो तेव्हा दुपार होती. आक्का अंगणात शेंगा फोडत बसली होती. "जय भीम, या. आज मधीच कसं काय? पेपरवाल्या, तुला काय बातमी लागली व्हय?"

सुजाता पायरीवर बसली नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. नकलेचं सांगितलं, मोकळ्या जागेचं सांगितलं. आक्काला त्यातलं कितपत कळत होतं ते चेहऱ्यावरून दिसत नव्हतं. हात शेंगा फोडत होते. सुजाताचं बोलणं संपल्यावर ती म्हणाली,

"म्हंजी मला आला तो मेसेज तुमच्या गावचा हुता?"

"हो, आत्या."

"तुमच्याकडं त्या दिशी पाऊस न्हवता पडला?"

"नाही."

"मग खराच हुता की तो."

कोंबड्या टरफलांत टोचत होत्या. आक्काने मांडीवरचं सूप खाली ठेवलं.

"आनि हवामानवाल्यांनी माझा पाऊस सांगितला हुता."

"हो."

"आनि मी सगळ्या वाडीत त्यांना शिव्या घालत फिरले. भरल्या पंगतीत." तिचा आवाज चढला नव्हता. "बी गेलं त्ये गेलं. पावसानं बी जातं. पन इतके दिस तू मला बोलू दिलंस? रोज फोनवर ऐकत हुतीस ना गं? मिक्सर धाडलास. चादर आनलीस. मी म्हनलं, पोरीची माया."

"माया होतीच, आत्या."

"आसंल."

ती उठली, पदर झटकला, पायात चपला घातल्या. "चल."

"कुठं?"

"बबनकडं. मी सांगितलंय त्याला, चुकत न्हाई म्हनून. माझ्या तोंडानं सांगितलंय. आता तुझ्या तोंडानं सांग."

वाट थोडीच होती. पुढे आक्का, मागे सुजाता, त्यामागे मी. बबन गोठ्यात होता. सुजाताने पुन्हा सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, आक्काकडे बघितलं आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ताई. झालं त्ये झालं. च्या घ्या." चहा आला. तो चहा मला आठवतो, कारण कप रिकामा होईपर्यंत कुणी कुणाकडे बघितलं नाही. निघताना सुजाताने विचारलं, नंबर घालू का. बबन म्हणाला, "नको. आमी आपलं बघू."

घरी आल्यावर वहिनीला कळलं. ती स्टुलावर चढली आणि चुलीवरच्या आढ्याला टांगलेल्या कांद्याच्या माळा काढायला लागली. तीन वर्षांपूर्वी आक्काने तिला वाटीभर बी दिलं होतं. घरच्या खाण्यापुरता तो कांदा ती तेव्हापासून परसात करत होती, पाटाच्या पाण्यावर, आणि त्याचे डोंगळे दुसऱ्या कांद्याच्या शेजारीच फुलायचे. खाऊन उरलेल्या माळा धुराने काळवंडल्या होत्या. सुजाता त्या घेऊन दुसऱ्या दिवशी आक्काकडे गेली.

आक्काने एकेक कांदा हातात फिरवून बघितला. "रंग जरा फिका हाय. मान बी जाड वाटती," ती म्हणाली. मग म्हणाली, "चालंल." अर्धे तिने ठेवले, अर्धे परत पिशवीत भरले. "हे तिकडंच लावा. समदं माझ्याकडं नको."

तो कांदा तोच आहे असं आक्का आजही म्हणत नाही. विचारलं तर "चालंल" म्हणते.

मेसेज मात्र तिने बंद केला नाही. उलट पुढच्या एप्रिलपासून हा सकाळचा फोन सुरू झाला. सुजाताने तिला दाखवलं, की आता वर गावाचं नाव येतं, तुझ्या मेसेजवर तुझं गाव असतं. आक्का म्हणाली, "नाव काय गं, कुनाचं बी लावता येतं." ती आमचा मेसेज ऐकते, तिचा वाचते. वेगळे असले की तिला तिचा पटतो.

आज सकाळीही फोन आला. दोन दिवसांवर जयंती आहे. "आधी तुझा वाच," आक्का म्हणाली. मी वाचला : आज-उद्या आकाश निरभ्र, काढणीस हरकत नाही. तिने तिचा वाचला. गावाच्या नावापुढचा मजकूर तोच.

कोंबड्यांचा आवाज येत राहिला.

"आक्का, दोन्हीकडे खरंच कोरडं आहे," मी म्हणालो.

"आसंल."

"गोंडे खुडलेस?"

"कालच्याला. ताडपत्री टाकून ठिवते वरनं."

या वेळी सुजाता कप घेऊन आत गेली नाही. तिने माझ्या हातातून फोन घेतला. "आत्या, मी आज उठल्या उठल्या बघितलंय. तिकडचा अंदाज तिकडचाच आहे. उन्हात झाकलंस तर आत घाम धरेल. बुरशी येईल बियाला."

"व्हय गं बाई. कळतंय मला. तुझं बरोबरच आसंल."

"मग काढ ना ताडपत्री."

"सारखं आलं की हात न्हाई उठत गं," आक्का म्हणाली. रागाने नाही. गुडघा दुखतो म्हणावं तसं. "ठिव आता. उन्हं झाली."

बाहेर आमच्या अंगणात लख्ख ऊन पडलं होतं. नजर जाईल तिथवर ढगाची रेघ नव्हती. आमच्या वाट्याच्या अर्ध्या कांद्याचे गोंडे ताडपत्रीवर पसरले होते आणि वहिनी हाताने खालवर करत होती. बी सुटून पडण्याचा बारीक आवाज येत होता. सुजाता दारात उभी राहून ते बघत होती. मग ती कोपऱ्यातली दुसरी ताडपत्री ओढत घेऊन आली आणि गोंड्यांवर पसरायला लागली.

"अगं, काय करतेस?" वहिनी म्हणाली. "ऊन आहे की चांगलं!"

"आत्याचेही झाकलेलेच आहेत," सुजाता म्हणाली. चारी कोपऱ्यांवर तिने दगड ठेवले.